धसका कुठे जाऊन बसतो?

नागपुरातल्या कोणत्याही ऑटोवाल्याला 'पागलखाना चौक' म्हटले की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. तिथले प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे, म्हणजे या शहरात रेल्वे येण्याच्याही आधीचे. दीडशेहून अधिक वर्षे आपण मनाच्या आजाराला त्या भिंतीआड ठेवून निश्चिंत आहोत. भिंतीच्या आत असेल तो वेडा, बाहेर असेल तो शहाणा, अशी आपली सोपी वाटणी. मग घरातले कोणी महिनोन्महिने गप्प असेल, अन्नावरची वासना उडाली असेल, पहाटे तीनलाच जाग येऊन आढ्याकडे पाहत पडून राहत असेल, तरी ते माणूस आजारी ठरत नाही. ते फक्त 'फार विचार करते'!

आपली भाषा मात्र याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. 'त्याने धसका घेतला', 'तिने हाय खाल्ली' हे आपण सहज बोलून जातो. आघात बाहेर घडून संपत नाही, तो माणसाच्या आत जाऊन बसतो आणि तिथून पोखरत राहतो, हे या शब्दांना ठाऊक आहे. आत म्हणजे नेमके कुठे, एवढाच प्रश्न उरला होता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मेंदूविज्ञानाने त्याचे उत्तर शोधायला घेतले आहे आणि त्यातले मोलाचे काम आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले आहे.

रोजचे तीन तास

त्या संस्थेत प्रा. विदिता वैद्य २००० सालापासून संशोधन करीत आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण, अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या हाताखाली डॉक्टरेट, २०१५ चा भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार ही त्यांची थोडक्यात ओळख. त्यांनी हाती घेतलेला प्रश्न मात्र कोणत्याही आईबापांना पडावा असा आहे. बालपणी सोसलेले मोठेपणी मनाचा आजार होऊन का उगवते?

त्यांच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. पांढऱ्या उंदरांच्या नवजात पिल्लांना जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवायचे. मारझोड नाही, इजा नाही. तीन तासांनी पिल्लू पुन्हा आईच्या कुशीत. पंधरवड्यानंतर तेही बंद. ही पिल्ले वाढतात आणि वरवर इतरांसारखीच दिसतात. पण मोठेपणी त्यांना चार फाट्यांच्या उंच वाटेवर सोडले की फरक कळतो. ज्या फाट्यांना भिंती आहेत तिथेच ती दबून बसतात, उघड्या फाट्यावर पाऊल टाकायला धजत नाहीत. आईचा दुरावा कधीच संपलेला असतो, पण धास्ती संपलेली नसते.

वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढची पायरी गाठली. त्या कोवळ्या दिवसांत सेरोटोनिन या रसायनाचा निरोप पेशीपर्यंत पोचवणारे एक विशिष्ट ग्राहक औषधाने रोखून धरले, तर दुरावा सोसूनही ती पिल्ले मोठेपणी भित्री झाली नाहीत. याचा अर्थ असा की, आघात आठवण म्हणून साठतो एवढेच खरे नाही. मेंदूची घडण चालू असतानाच तो त्या घडणीत मिसळतो.

त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार अस्वस्थ करते. दुरावा सोसलेल्या उंदरांच्या मेंदूतील स्मरणकेंद्रात ऐन तारुण्यात नव्या पेशी उलट जास्त तयार होतात आणि ताणाच्या परिस्थितीत शिकण्यात ते सरस ठरतात. उतरण लागते ती मध्यम वयात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण 'लहानपणी इतके सोसले, तरी बघा कसा कर्तबगार निघाला' असे म्हणून आपण ज्याची चौकशी थांबवतो, त्याच्या चाळिशीकडेही लक्ष असू द्यावे, इतका बोध तर यातून घ्यायला हरकत नाही.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातील सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगांनी या चित्रात मोलाची भर घातली. प्रौढ उंदरांना रोज दोन तास असे दहा दिवस जखडून ठेवले, तेव्हा स्मरणकेंद्रातील चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. पण अमिग्डाला या बदामाएवढ्या भीतीच्या केंद्रातील फांद्या मात्र वाढल्या. पुढे एकवीस दिवस विश्रांती दिल्यावर स्मरणकेंद्र पूर्ववत झाले. भीतीचे केंद्र झाले नाही! प्रसंग मागे पडतो, धसका उरतो तो असा.

औषधाचे कोडे

मग नैराश्य म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी पडणे, असे म्हणायचे का? वर्षानुवर्षे तसे सांगितले गेले. परंतु नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिन काही तासांतच वाढवतात आणि रोग्याला आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात. मधले आठवडे काय होत असते? ड्यूमन यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले की, त्या काळात प्राण्यांच्या मेंदूत वाढीला पोषक द्रव्ये वाढतात, नव्या चेतापेशी तयार होतात. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की, सेरोटोनिन चेतापेशींच्या आतली ऊर्जा पुरवणारी वीजघरेही वाढवते. म्हणजे गोळीमुळे टाकी भरली जात नाही. पडझड झालेल्या घराच्या डागडुजीला ती हातभार लावते. आणि डागडुजीला वेळ लागतोच.

२०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन, सेरोटोनिनच्या कमतरतेमुळेच नैराश्य येते याला सातत्यपूर्ण आधार नाही, असे मांडले. लगेच काहींनी 'गोळ्या निरुपयोगी' असा निष्कर्ष काढला. तो घाईचा आहे. मोडलेल्या हाताला प्लास्टरने आराम पडतो. पण तो हात प्लास्टर कमी पडले म्हणून मोडलेला नसतो. ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे.

सातबाऱ्यात न मावणारे

प्रयोगशाळेतल्या उंदरांची ही गोष्ट विदर्भातल्या वाचकाला मी का सांगतो आहे? कारण आपल्याकडे धसका घेतलेल्यांची उणीव नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. तो आकडा आपल्याला पाठ आहे. त्या गर्दीतून वाचून घरी परतलेल्यांचा धसका कोणत्याच आकड्यात बसत नाही. आणि यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या शेतकरी आत्महत्यांचे तर काय सांगावे! शेतकरी गेला की चौकशी होते. सातबारा नावावर होता का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये. त्या घरात आठ वर्षांचे मूल असेल, तर त्याचा बाप गेलेला असतोच; शिवाय आई मजुरीला, तालुक्याला, बँकेत, कचेरीत. त्याच्या वाट्याला येणारे रोजचे तीन तास कोणत्या रकान्यात लिहायचे?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. कर्ज मेंदूत नसते, बँकेत आणि सावकाराच्या वहीत असते. कापसाचा भाव गोळीने वाढत नाही. शेतकऱ्याच्या मरणाला मनोविकार म्हटले की धोरणे करणारे मोकळे सुटतात. मी स्वतः हा आक्षेप मानतो. पण हे संशोधन त्याला खोडून काढत नाही, बळकटी देते. त्या पिल्लांच्या मेंदूत जन्मतः खोट नव्हती. आई दूर नेली म्हणून मेंदू बदलला. आघाताची खूण मेंदूत सापडली म्हणून दोष मेंदूकडे जात नाही. उलट बाहेर घडलेल्या अन्यायाचा तो आतला पंचनामा ठरतो. धोरण चुकले तर त्याची किंमत फक्त एका हंगामाला नव्हे, पुढच्या पिढीलाही मोजावी लागते, असे हा पंचनामा सांगतो.

आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे. ही खूण म्हणजे ललाटलेख नव्हे. कॅनडातील मायकेल मीनी यांनी पाहिले की, पिल्लांना भरपूर चाटणाऱ्या उंदरीणीची पिल्ले मोठेपणी शांत असतात. मग कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले जन्मतःच मायाळू आईच्या कुशीत ठेवली, तर तीही शांत निघाली. स्वभाव जन्मदात्रीवर नव्हे, वाढवणारीवर गेला. रुमानियातील अनाथालयांतल्या मुलांचा तर प्रत्यक्ष अभ्यास झाला. जी मुले साधारण दोन वर्षांच्या आत चांगल्या कुटुंबात वाढायला गेली, ती अधिक सावरली. वेळेवर मिळालेली माया हा भावुकपणा नाही. ती मेंदूची गरज आहे.

आपल्या हातातले

पण हे करणार कोण? एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? याचे एक उत्तर आपल्या शेजारी, अमरावती जिल्ह्यात मिळाले. 'विश्राम' या उपक्रमात तीस गावांमध्ये स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. नैराश्य ओळखणे, घरी जाऊन ऐकून घेणे, धीर देणे, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे ही त्यांची कामे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. अजूनही जवळजवळ तीन चतुर्थांश लोक मदतीबाहेर राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चार टक्क्यांवरून सत्तावीसवर गाव गेले ते आलिशान इस्पितळामुळे नव्हे, दारात येऊन बसणाऱ्या माणसामुळे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आत्महत्येचे प्रकरण पात्र ठरो वा अपात्र, त्या घरातील मुलांकडे आशा सेविका आणि शाळेचे शिक्षक निदान वर्षभर नियमित जातील, अशी व्यवस्था शासनाने करावी. आणि ज्या घरांत असे काही घडलेले नाही तिथेही एक करता येईल. कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक हरवली असेल, 'माझ्यावाचून कोणाचे काय अडणार' असे बोलू लागले असेल, तर 'विचार करू नकोस' हा उपदेश बाजूला ठेवून जवळ बसावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. कोणी विचारले म्हणून बोलून मोकळे होता येते. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. घरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, तो आजच लिहून ठेवावा.