विश्लेषण : बीअर तयार करणाऱ्या शहरात ‘बसण्याची’ चांगली जागा कशी ओळखायची?

वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगरची ओळख वाहनांच्या सुट्या भागांइतकीच बीअरसाठीही आहे. इथे भरलेल्या बाटल्या राज्यभर जातात. मात्र याच शहरात चार मैत्रिणींनी किंवा एखाद्या जोडप्याने संध्याकाळी निवांत बसायचे ठरवले, तर ‘कुठे जायचे?’ या प्रश्नावरच अर्धा तास जातो. चांगला पब कोणता, हा प्रश्न केवळ चवीचा नाही. तो सुरक्षिततेचा, खिशाचा आणि शहराच्या मोकळेपणाचाही आहे.

शहराचे बीअरशी नाते काय?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात बीअर आणि इतर मद्याचे मोठे कारखाने आहेत. त्यांना पाणी मिळते ते जायकवाडीच्या नाथसागरातून, आणि शहरालाही तिथूनच. त्यामुळे दुष्काळ पडला की बीअर हा इथे राजकीय विषय होतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत कपात करण्याचे आदेश दिले होते. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथे बीअरचा ग्लास कधीच फक्त बीअरचा ग्लास नसतो.

पब, बार आणि परमिट रूम यांत फरक काय?

फलकावर ‘पब’, ‘लाउंज’ किंवा ‘रेस्ट्रो-बार’ काहीही लिहिलेले असले, तरी उत्पादन शुल्क विभागाच्या कागदावर ती बहुधा ‘परमिट रूम’ असते आणि तिच्याकडे एफएल-3 परवाना असतो. हे नाव आले 1949 च्या दारूबंदी कायद्यातून. आजही तोच ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ या नावाने लागू आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत मूळ नियम बंदीचा आहे आणि पिणे हा परवान्याने मिळणारा अपवाद. म्हणूनच पिणाऱ्याकडेही परवाना असणे अपेक्षित असते. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वयाची अटही दुहेरी आहे : बीअरसाठी 21 वर्षे, तर व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी 25 वर्षे.

या अपवादाच्या भावनेचा परिणाम जागेच्या रचनेवर झाला. काळ्या काचा, मिणमिणते दिवे, उंच पाठीचे सोफे आणि मागचे दार. कुणी पाहू नये, ही पहिली गरज. जिथे गिऱ्हाईकच लपायला येते, तिथे स्वच्छता, प्रकाश आणि वागणूक यांबद्दल तक्रार करणार कोण? परमिट रूमचा दर्जा अनेक ठिकाणी तसाच राहिला, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

‘आवडता पब’ या कल्पनेत काय असते?

इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल याने 1946 मध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या आवडत्या पबचे वर्णन केले होते. गप्पा मारता येतील इतकी शांतता, नावाने ओळखणारे कर्मचारी, साधे पण चांगले खाणे आणि मुलाबाळांसह बसता येईल अशी मागची बाग, अशी त्याची यादी होती. शेवटी त्याने सांगून टाकले, की असा पब अस्तित्वातच नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या यादीत पेयापेक्षा जागा आणि माणसे यांनाच जास्त महत्त्व होते.

आपल्याकडची कसोटीही फार वेगळी नाही. ‘आज बसूया का?’ या प्रश्नात पिण्याचा उल्लेखच नसतो. मराठीने या कार्यक्रमाला ‘बसणे’ म्हटले, कारण त्यात महत्त्वाचे तेच असते : बसणे, बोलणे, चकणा संपवत वेळ घालवणे.

मग चांगली जागा कशी ओळखायची?

- प्रकाश : मेन्यू वाचता येतो का, समोरच्याचा चेहरा दिसतो का? उजेड असलेली जागा काही लपवत नाही.

- आवाज : शेजारच्याशी बोलण्यासाठी मोबाइलवर टाइप करावे लागत असेल, तर ती गप्पांची जागा नव्हे.

- स्वच्छतागृह : महिलांसाठी स्वतंत्र, स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का? मालकाने कोणाला गिऱ्हाईक मानले आहे, हे इथे लगेच कळते.

- खाणे : फुटाणे, मसाला पापड आणि उकडलेली अंडी चांगलीच, पण पोटभर जेवण वेळेवर मिळते का? रिकाम्या पोटी मद्य लवकर चढते.

- धूर : 2008 च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे. 30 किंवा त्याहून अधिक आसनांच्या उपाहारगृहात ते स्वतंत्र जागेतच करता येते. सगळा हॉल धुराने भरलेला असेल, तर नियम पाळला जात नाही.

- नकार : वयाचा पुरावा मागितला जातो का? जास्त झालेल्या गिऱ्हाइकाला वेटर ‘आता बस, साहेब’ म्हणू शकतो का?

यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मे 2024 मध्ये पुण्यातील कल्याणीनगरमध्ये आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण आयटी अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाने आधी पबमध्ये मद्यपान केल्याचे पोलीस तपासात पुढे आले. तिथे ओळखपत्र पाहून कोणी ‘नाही’ म्हटले असते, तर पुढचे सारे कदाचित टळले असते.

‘मी तर फक्त बीअर घेतली’ यात तथ्य किती?

फारच कमी. देशात स्ट्राँग बीअरचा वाटा मोठा आहे आणि तिच्यात 8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते. 650 मिलिलिटरच्या बाटलीत 8 टक्के म्हणजे 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या 30 मिलिलिटर पेगमध्ये ते जेमतेम 13 मिलिलिटर असते. थोडक्यात, स्ट्राँग बीअरची एक बाटली म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या घेऊन ‘हलकेच घेतले’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात आठ पेगांइतके अल्कोहोल घेतलेले असते. 5 टक्क्यांच्या माइल्ड बीअरची बाटलीही अडीच पेगांच्या बरोबरीची ठरते. चांगल्या बारच्या मेन्यूवर किमतीशेजारी ही टक्केवारीही असायला हवी.

बिलात काय तपासावे?

खाण्यावर जीएसटी लागतो, मद्यावर लागत नाही. मद्यावर राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूममधील मद्यावरचा हा व्हॅट नोव्हेंबर 2023 पासून 5 वरून 10 टक्के झाला. त्यामुळे बिलात दोन्ही भाग वेगळे दिसले पाहिजेत. सेवाशुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट केले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. ते द्यायचे की नाही, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते.

व्यावसायिकांचीही बाजू आहे. जून 2025 मध्ये राज्याने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवले. करवाढीच्या निषेधार्थ 14 जुलै 2025 रोजी राज्यातील परमिट रूम आणि बार बंद ठेवण्यात आले. दर वाढले की गिऱ्हाईक वाइन शॉपमधून बाटली घेऊन बायपासच्या कडेला किंवा मोकळ्या प्लॉटवर बसते, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नाही. अशा जागी ना दिवा असतो, ना थांबवणारा वेटर.

घरी जायचे कसे?

चांगल्या पबची खरी परीक्षा बिल दिल्यानंतर सुरू होते. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी 10 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण मुंबईसारखी लोकल इथे नाही आणि रात्री उशिरा शहर बसचाही आधार नसतो. जालना रोडवरून सिडकोला किंवा बीड बायपासला जाणारा माणूस मग दुचाकीला किक मारतो. चार छोट्या पेगांची बीअर पोटात आणि हेल्मेट डिकीत, हे गणित जुळणारे नाही.

आता काय व्हायला हवे?

महसूल हवा म्हणून सरकार परवाने देते आणि लाज वाटते म्हणून त्या जागा अंधारात ठेवल्या जातात. या दुटप्पीपणाचा तोटा शेजारच्या रहिवाशांना आणि गिऱ्हाइकांना सारखाच होतो. रहिवाशांच्या हाती कायद्याने एक हत्यार आहे. महिलांना किंवा मतदारांना गुप्त मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडता येते. परिसराला त्रास होणाऱ्या ठिकाणी ते वापरलेच पाहिजे.

पण जी जागा चालू राहणार आहे, ती चांगली असावी, ही मागणीही तितकीच रास्त आहे. परवान्याच्या नूतनीकरणावेळी शुल्काबरोबर स्वच्छतागृह, प्रकाश, वयाची तपासणी आणि रिक्षा-टॅक्सीची सोय यांचीही पाहणी व्हावी. बारमालकांनी गाडी रात्रभर उभी ठेवण्याची सोय केली, तरी अनेक अपघात टळतील. आणि गिऱ्हाइकाने पहिला ग्लास मागवण्याआधी एवढेच विचारावे : इथे आपली बहीण निर्धास्तपणे बसेल का, आणि आपण इथून घरी कसे जाणार? दोन्हींचे उत्तर मिळाले, तर ती जागा चांगली.