नीटनेटके दिसायला नवे कपडे कशाला?



स्नेहसंमेलन जवळ आले की वर्गात एकच चर्चा चालते. "तू कोणता ड्रेस घालणार?" ज्याच्याकडे नवा ड्रेस नसतो तो गप्प बसतो. काही जण तर त्या दिवशी शाळेतच येत नाहीत. हे मला बरोबर वाटत नाही. त्यासाठी आपण शिकतो त्या इंग्रजीतलेच शब्द पाहू.

'ड्रेस अप' म्हणजे लग्नाकार्याला जाताना नटणे. 'संडे बेस्ट' म्हणजे ठेवणीतले कपडे. इंग्लंडात लोक रविवारी चर्चला जाताना ते घालीत, म्हणून हे नाव पडले. या दोन्हींसाठी पेटीत चांगला कपडा पाहिजे. तो सगळ्यांच्याच पेटीत कुठून असणार?

पण दुसरे शब्द पाहा. 'टायडी' म्हणजे नीटनेटका. हा शब्द 'टाईड'वरून आला आणि जुन्या इंग्रजीत टाईड म्हणजे वेळ. म्हणून टायडीचा पहिला अर्थ वेळच्या वेळी झालेले असा होता. इंग्रजी 'नीट' तर आपल्या नीटसारखाच कानाला लागतो. तो लॅटिन भाषेतून आला. मुळात त्याचा अर्थ चकचकीत.

सगळ्यात गंमत 'ग्रूम'ची. ग्रूम म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस. घोड्याला खरारा करणे यालाही तोच शब्द झाला. पुढे तो माणसांना लागला. केस विंचरलेल्या, नखे कापलेल्या माणसाला इंग्रजीत 'वेल ग्रूम्ड' म्हणतात. आता सांगा, घोड्याला कुठे कपडे असतात? तरी खरारा केला की तो कसा चमकतो!

आपली मराठीही हेच सांगते. सकाळी आई विचारते, "आवरलं का गं?" नटलीस का, असे ती विचारत नाही. दात, आंघोळ, वेणी, धुतलेला गणवेश, एवढे झाले की आवरले. त्याला पाणी, साबण, फणी आणि थोडे लवकर उठणे एवढेच लागते.

म्हणून माझे मत असे की, संमेलनाला सर्वांनी स्वच्छ गणवेशातच यावे. पालकांनो, एका दिवसासाठी उसनवारी करू नका. आणि मित्रांनो, धुतलेल्या सदऱ्याला ठिगळ असले तर कुणी हसू नका. ठिगळ लावणे म्हणजेसुद्धा कपडा नीट ठेवणेच आहे.

– इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी