मासा संकट अंगावर घेत नाही

शिरवळला एका उपासकाच्या घरी वंदनेला गेलो होतो. बैठकीच्या खोलीत मोठी काचेची टाकी आणि तीत वीतभर लांबीचे दोन ऑस्कर मासे. दोघेही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकीत होते. घरच्या ताई म्हणाल्या, "तिसरा कालच मेला. लोक म्हणतात, घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले."

आम्ही विचारले, "परवा टाकी धुतली होती काय?" धुतली होती. सगळे पाणी काढून नळाचे ताजे पाणी भरले होते, फिल्टरचा स्पंजही नळाखाली घासला होता. संकट तेच होते!

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी टीसीएल पावडर टाकतात. तिच्यातील क्लोरीनने कल्ले भाजतात. स्पंजमध्ये माशांच्या घाणीतील अमोनिया पचविणारे उपकारक जिवाणू असतात. तेही त्याने मरतात. अमोनिया साचला की कल्ल्यांना पुन्हा इजा. शिवाय २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि साठा घटतो. मोठ्या माशाला प्राणवायू जास्त लागतो, घाणही त्याची जास्त.

लक्षणे ओळखावीत. कल्ल्यांची झाकणे भराभर हलतात, मासा पंपाच्या बुडबुड्यांपाशीच थांबतो, खाणे सोडतो. लाल कल्ले तपकिरी दिसू लागले तर पाण्यात नायट्राइट वाढल्याची शंका घ्यावी. एकच कल्ला मिटून मासा अंग घासत असेल तर कल्ल्यांवर परजीवी असू शकतात. गुरामी मासा मात्र अधूनमधून वर येऊन हवा घेतोच; तो त्याचा स्वभाव आहे, आजार नव्हे.

उपाय साधे आहेत. प्रथम हवेचा पंप वाढवावा. वीज गेली तर मगाने टाकीतलेच पाणी उंचावरून परत टाकीत ओतत राहावे. पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी हायपो घालून क्लोरीनमुक्त केलेले आणि तितक्याच उष्णतेचे असावे. एक दिवस खाद्य बंद ठेवावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. कारण न कळता औषधे ओतू नयेत. शिरवळला १९८८ सालापासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाणकाराला विचारण्यात कमीपणा कसला?

ताईंच्या घरी आम्ही हायपो घातला, पंप वाढवला. एक मासा वाचला, दुसरा पहाटे गेला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याबरोबर त्यांच्या पालनाचीही प्रतिज्ञा आहे. पालन म्हटले की माहिती हवी. नुसत्या करुणेने मासा जगत नाही, प्रज्ञाही लागते. "संकट घेतले" म्हणून हात जोडले की आपली चूक झाकली जाते आणि पुढचा मासाही तसाच मरतो. ताईंच्या धाकट्या मुलीने आता टाकीवर कागद चिकटवला आहे : 'नळाचे पाणी थेट ओतू नये.' आम्हांला तो फार आवडला.

जयभीम!