मूळ चाल कोणाची?

बीटल्सचं 1967चं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ पुढच्याच वर्षी जो कॉकरने गायलं, तेव्हा त्याने लय ओढून संथ केली, चार मात्रांच्या ठेक्याला सहाचा झोका दिला आणि हलकंफुलकं गाणं आर्त विनवणी झालं. तिथे तुलना सोपी, कारण मूळ ध्वनिमुद्रण हाताशी आहे. आपल्या अंथुर्ण्याच्या रस्त्यावर प्रश्न अवघड होतो. बेलवाडीचं गोल रिंगण आटोपून तुकोबांची पालखी लासुर्ण्यावरून इकडे येते, तेव्हा एकच अभंग पुढच्या दिंडीत एका चालीत असतो, मागच्या दिंडीत दुसऱ्या. श्रीनिवास खळ्यांनी लताबाईंसाठी बांधलेल्या चाली त्याहून निराळ्या. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड तेच शब्द गिटार, बास आणि ड्रम्सवर गातो, तर त्याला भेसळ का म्हणायचं? मला त्यांचं धाडस मनापासून आवडतं. दिंडीतला अभंगही संथ सुरू होऊन दुगणीत चढतो, पखवाज तापतो, पावली पडते; रॉकची चढती लय त्याला परकी नाहीच. फक्त ड्रम्सचा जोर वाढला की चरणाच्या शेवटची अक्षरं दबतात. दिंडीत टाळांचा एवढा गजर असूनही तसं होत नाही, कारण प्रत्येक चरण सगळी दिंडी झेलते, पुन्हा म्हणते. तुकोबांच्या अभंगात शब्द आधी, वाद्य नंतर. त्या कसोटीवर माझं मत दिंडीला. पण तरुणांनो, दोन्ही ऐका, आणि आधी दिंडीत चालून ऐका.