काउंट वर आल्यानंतर

२८ मे हा जागतिक रक्तकर्करोग दिन. ब्लड कॅन्सरचे निदान झाले की आजही आपल्याकडे घरातली माणसे हबकून जातात. त्यात आजार अंगभर पसरल्याचे कळले, की रुग्ण हाती लागणार नाही असे धरूनच पुढचे सारे चालते. ही समजूत आता मागे टाकायला हवी.

दिग्दर्शक अनुराग बासू यांना २००४ मध्ये ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा डॉक्टरांनी जेमतेम काही आठवड्यांची मुदत दिली होती. बासू त्यातून उठले. २००६ मध्ये ‘गँगस्टर’, २००७ मध्ये ‘लाइफ इन अ मेट्रो’, २०१२ मध्ये ‘बर्फी’ त्यांनी केला. हा केवळ नशिबाचा खेळ नव्हता. एकेकाळी अंतर्गत रक्तस्रावाने झटपट जीव घेणारा हा आजार आज अ जीवनसत्त्वाशी नाते असलेले एक औषध आणि आर्सेनिक यांच्या उपचाराने बहुसंख्य रुग्णांमध्ये बरा होतो.

‘पसरला म्हणजे संपले’ हा हिशेबच रक्ताच्या कर्करोगाला लागू पडत नाही. ल्युकेमिया अस्थिमज्जेत उगवतो आणि रक्ताबरोबर सर्वांगात फिरतो. पसरणे हा त्याचा स्वभावच आहे. हॉजकिन लिम्फोमा चौथ्या टप्प्यावर सापडला, तरी अनेक रुग्ण त्यातून पूर्ण बरे होतात. सगळेच प्रकार इतके दयाळू नसतात. उतारवयात झालेला किंवा उलटलेला ल्युकेमिया आजही डॉक्टरांची कसोटी पाहतो. म्हणूनच नेमका प्रकार कोणता, हे कळण्याआधी आशा सोडणे हा रुग्णावर अन्याय आहे.

या लढाईत मुंबईचा वाटा मोठा आहे. देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात झाले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली तिच्या भावाने. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी झालेल्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते. त्यानंतर चार दशकांनी, ४ एप्रिल २०२४ रोजी, आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या देशी कार-टी उपचाराचे राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झाले. रुग्णाच्याच टी-पेशी काढून घ्यायच्या, कर्करोगी पेशी ओळखण्याची क्षमता त्यांच्यात प्रयोगशाळेत आणायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. परदेशात त्याला कोट्यवधी रुपये पडतात. इथला खर्च त्या मानाने बराच कमी असला, तरी तो अजून लाखांच्या घरात आहे. सर्वसामान्यांसाठी त्याचे दार सरकारी योजनांनीच उघडावे लागेल.

वॉर्डात सकाळी नातेवाइकांचा एकमेकांना पहिला प्रश्न असतो, ‘आज काउंट किती?’ रिपोर्ट हाती आला की नजर आधी प्लेटलेट्सच्या आकड्यावर जाते. एके दिवशी रक्तपेशींचे काउंट वर येतात, डिस्चार्ज मिळतो आणि सर्वांना वाटते, सुटलो. रुग्णाची दुसरी लढाई तिथून सुरू होते. प्रत्यारोपण झालेल्यांना लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. महिनोन्महिने मास्क लावून, गर्दी टाळून, घरचे ताजे शिजवलेलेच खाऊन राहावे लागते. दोन जिने चढले तरी धाप लागते. शरीर हळूहळू सावरते. आजूबाजूची माणसे मात्र सावरत नाहीत. शाळेत पालक आपल्या मुलाला बऱ्या झालेल्या मुलाशेजारी बसू देत नाहीत, जणू हा आजार संसर्गजन्य आहे. नोकरीत बढतीच्या यादीतून नाव गुपचूप गळते. मुलीचे लग्न जमवताना आजार लपवावा, असा सल्ला आप्तच देतात. विमा तर नव्याने मिळता मिळत नाही. औषधाने ज्याला वाचवले, त्याला आपण कायमचा आजारी ठरवून टाकतो.

हे बदलणे आपल्या हाती आहे. मालकांनी परतलेल्या कर्मचाऱ्याला सुरुवातीला अर्ध्या दिवसाचे काम द्यावे आणि तपासणीच्या तारखांना बिनबोभाट रजा मंजूर करावी. शिक्षकांनी वर्गाला आजार समजावून सांगावा. विमा नियामकाने बऱ्या झालेल्यांसाठी न्याय्य नियम करावेत. तरुणांनी तर जीवच वाचवता येईल असे काम करावे. सख्ख्या भावंडाशी मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, बाकीच्यांपैकी अनेकांना अनोळखी दात्याचा आधार लागतो. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून मूलपेशीदाता म्हणून नाव नोंदवता येते. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून त्यांचे दाते बारमाही लागतात. आज नोंदणी करा, आणि उद्या कुणी बरा होऊन कामावर परतला, तर त्याच्या आजाराआधी त्याच्या कामाची विचारपूस करा.