होडीत पाय ठेवण्यापूर्वी



परवा खेड तालुक्यात भामा आसखेड धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावी जाण्याचा योग आला. काम नेहमीचेच होते. कांद्याच्या रोपवाटिकेसाठी मातीचे नमुने कसे काढावेत, हे दाखवायचे होते. दुपारी पारावरची बैठक आटोपली. तेवढ्यात एक तरुण शेतकरी म्हणाला, "साहेब, आमचं रान पल्याड हाय. सडकेनं जायचं तर लई लांब पडतंय. होडीनं पाच मिनटांत पोचतो. चला, तिथली माती बी बघा."

मी काठावर गेलो. वैशाखातली दुपार, डोंगरामागे ढग चढू लागलेले. होडीत तीन पोती खत, एक पाण्याचा पंप आणि चार माणसे आधीच बसली होती. मी विचारले, "जाकिटे कुठे आहेत?" त्यावर सगळे हसले. मी होडीत बसलो नाही. आम्ही सर्व परत पारावर आलो आणि पुढचा दीड तास कांदा बाजूलाच राहिला. पाणी आणि होडी यांबद्दल लोकांनी एकेक गोष्ट सांगितली, मी माझी सांगितली. बायाबापड्याही येऊन बसल्या. ती चर्चा आज या सदरात मांडतो. कारण जे समज त्या पारावर निघाले, ते आपल्या सर्वांच्याच घरात आहेत.

पहिला समज एका तात्यांनी मांडला. "धरणाचं पाणी म्हंजी थांबल्यालं पाणी. त्याला ना वढ ना भोवरा. नदीला भ्यावं, तळ्याला काय भ्यायचं?"

मी त्यांना उजनीची आठवण दिली. आपली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भामाही भीमेतच जाते. पवनेचे पाणी मुळा-मुठेतून तिकडेच वाहते. म्हणजे चाकण-पिंपरीकडचे सगळे पाणी शेवटी उजनीतच साठते. त्याच उजनीच्या फुगवट्यात 21 मे 2024 च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान लेकरेही होती. पाणी थांबलेलेच होते. वारा थांबलेला नव्हता.

मोकळ्या माळावर वावटळ कशी मोकाट सुटते, हे तुम्हाला सांगायला नको. धरणाचा फुगवटा हा पाण्याचा माळच आहे. झाड नाही, बांध नाही, आडोसा नाही. वाऱ्याला जितके लांब अंतर मोकळे मिळेल तितकी लाट मोठी होते. आणि वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो, हे ध्यानात ठेवा. वर चढलेल्या ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीलगत चारी दिशांना पसरते. आपल्याकडे ऊन असते, पाऊस दूर दिसत असतो, आणि वारा मात्र येऊन धडकतो. म्हणून चैत्र-वैशाखात पल्याडची कामे सकाळी उरकावीत. ढग चढताना दिसला किंवा गडगडाट ऐकू आला, की होडी काठाला बांधून ठेवावी.

दुसरा समज तरुण मंडळींचा. "आमाला पोहता येतंय, मग जाकीट कशाला? उजनीतबी पोहणाराच वाचला की!"

मुद्दा खरा आहे. पोहणे आलेच पाहिजे, मुलांना आणि मुलींनाही. पण मी त्यांना एवढेच विचारले, तुमच्या होडीत पोहणारे तुम्ही एकटेच असता का? कडेवरचे लेकरू, नऊवारीतली आई, दम्याचा म्हातारा, यांचे काय? आणि पोहणाऱ्याच्या डोक्याला होडीची कड लागली, पायात पेटके आले, अंगावरचे कपडे भिजून जड झाले, की विहिरीत मारलेल्या शंभर उड्या उपयोगी पडत नाहीत. पाण्यात माणसाचे वजन फार थोडे भासते. तोंड पाण्यावर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो. तेवढा आधार जाकीट न थकता देते, माणूस बेशुद्ध असला तरी देते. मात्र ते अंगात पाहिजे आणि पट्टे आवळलेले पाहिजेत. होडीच्या तळाशी टाकलेले जाकीट उलटलेल्या होडीत कोणालाही घालता येत नाही. लहान मुलाला मोठ्या माणसाचे जाकीट घालू नये, ते डोक्यावरून निसटते.

तिसरा समज वजनाचा. "होडी भरली की दबून बसते, डुलत नाही." पंप आणि खताची पोती त्याच हिशोबाने चढवली होती.

यावर माझीच एक फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका होडीतून आम्ही आठ जण पलीकडचे पीक बघायला निघालो होतो. होडी चांगली दबून बसली होती. मधोमध आल्यावर कोणीतरी म्हणाले, "ते बघा, मोठा मासा!" आणि आम्ही सगळे एका बाजूला झुकलो. कडेवरून घागरभर पाणी आत आले. नावाड्याने अशी शिवी हासडली, की आम्ही जागच्या जागी बसलो आणि त्यामुळेच वाचलो. त्या दिवशी कळले, की भरलेली होडी स्थिर वाटते, पण तिची कड पाण्याच्या जवळ आलेली असते. एवढीशी लाट किंवा एवढासा कल पुरतो. पाणी आत आले, की ते खालच्या बाजूला धावते आणि होडीला आणखी कलते करते.

गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. शहरातला तलाव, काठ नजरेसमोर, तरीही असे घडले. म्हणून सोपी खूण ठेवा. माणसे आणि सामान चढल्यावर होडीची कड सगळीकडून निदान दीड वीत पाण्याबाहेर पाहिजे. बाहेरून लाल रंगाचा पट्टा ओढून घ्या. पट्टा बुडाला, की एकाने उतरायचे. कोण उतरणार, यावर वाद नको. दुसरी खेप करता येते. जड सामान तळाशी आणि मधोमध ठेवा, माणसांनी बसून राहावे, उभे राहू नये.

चौथा समज. "फायबरची होडी बुडतच नाही."

असे नाही. लाकूड पाण्यापेक्षा हलके, म्हणून लाकडी होडी पाणी भरले तरी बहुधा तरंगत राहते. फायबर मात्र पाण्यापेक्षा जड आहे आणि लोखंडी पत्रा तर आहेच. अशी होडी तरंगते ती तिच्या पोकळीमुळे. गुळाच्या कायलीत बसून पूर ओलांडलेली माणसे आपल्याकडे होऊन गेली, तीही त्या पोकळीच्याच जोरावर. पोकळीत पाणी शिरले, की कायल तळाला. होडीत हवेचे बंद कप्पे किंवा थर्माकोलसारखा भराव असेल तरच ती भरल्यावरही वर राहते. आपल्या होडीत तसे काही आहे का, हे घेतानाच विचारा.

आणि होडी वर राहिली असेल तर तिला सोडू नका, मग ती उलटी का असेना. काठ दिसतो त्यापेक्षा नेहमी लांब असतो. होडीला धरून राहिलेला माणूस दुरूनही दिसतो, एकट्याचे डोके लाटांत दिसत नाही.

पाचवा समज. "काठाजवळ पाणी उथळच असतंय."

धरणाखाली आपलीच जुनी गावे आहेत, हे आपण विसरतो. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, लोक बघायला जातात. देवळाबरोबर तिथे घरांच्या भिंती होत्या, विहिरी होत्या, बांध आणि बाभळी होत्या. प्रत्येक धरणाच्या पोटात असे काहीतरी असते. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचे पाऊल जुन्या विहिरीत पडू शकते. पाणी उतरले, की होडीचा तळ खुंटावर आपटतो. पवनेत आणि इंद्रायणीत जलपर्णी माजते. तिचा गालिचा हिरव्यागार रानासारखा दिसतो, पण खाली पाणी असते. त्यात वल्हे अडकते, मोटारीच्या पंख्याला मुळ्या गुंडाळतात. होडी अडकली तर खाली उतरून ढकलण्याचा मोह टाळा.

सहावा समज एका आजींनी सांगितला. "आसरा वढून नेत्यात बाबा. ज्याचं भरलं त्याला नेत्यात."

आजींच्या श्रद्धेला मी हात लावला नाही. आसरांना नैवेद्य जरूर दाखवावा. पण मी म्हटले, "आजी, आसरांनी नेलं म्हटलं की माणूस पुढं काही करायचं थांबतो. गाळात पाय रुतला होता की लुगडं वेलात अडकलं होतं, हे कुणी बघत नाही. मग पुढच्या वर्षी तिथंच दुसरा जातो." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या धुण्याच्या दगडापाशी लई गाळ हाय. तिथं खांब रोवा की मग." त्या बैठकीतली सर्वांत शहाणी सूचना ती होती.

सातवा समज. "बुडणारा वरडतो."

सिनेमात ओरडतो. खरा बुडणारा बहुधा ओरडत नाही, कारण ओरडायला आधी श्वास लागतो. त्याचे तोंड पाण्याच्या वरखाली होत असते. हात तो वर करून हलवत नाही, आधारासाठी पाणी खाली दाबत असतो. लांबून वाटते, पोरगे खेळतेय. हे सारे वीस ते साठ सेकंदांत संपते. म्हणून मायबहिणींनो, धुणे धुताना लेकराचा आवाज ऐकू येतो का, यावर विसंबू नका, नजर ठेवा. खेळणारे पोर एकाएकी गप्प झाले, तर उठून बघा.

बुडणाऱ्याला वाचवायला धावत उडी घेऊ नका. तो मिठी मारतो आणि दोघे जातात. काठी, दोर, धोतर, लुगडे, जे हाताशी असेल ते पुढे करा. प्रत्येक मोटारघरात पाच लिटरचा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन आणि त्याला बांधलेला लांब दोर टांगून ठेवा. तो फेकता येतो आणि माणसाला वर धरतो. खर्च काहीच नाही.

शेवटचा समज सर्वांत घातक. बाहेर काढलेल्या माणसाला उलटा टांगायचा, पोट दाबून पाणी काढायचे, किंवा मिठात पुरून ठेवायचे. मिठाची गोष्ट मोबाईलवरूनही फिरते. मिठाने कोणी जिवंत होत नाही, जगण्याची मिनिटे मात्र वाया जातात. पोट दाबले, की पोटातले अन्न छातीत उतरते. बुडालेल्याला पाहिजे असते ती हवा. त्याला कठीण जागी उताणा निजवा. हाक मारून हालचाल नसेल, श्वास चालत नसेल, तर डोके थोडे मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहात टेकवून 30 वेळा जोराने आणि झपाझप दाबा, मिनिटाला 100 ते 120 या गतीने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा 30 दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने तोवर 108 किंवा 112 ला फोन लावावा. माणूस शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच, कारण छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो.

पवनाकाठच्या आणि धरणांखालच्या वाचकांसाठी एक जादा गोष्ट. "आपल्याकडं पाऊस नाही, मग नदी कशी चढेल?" असे म्हणू नका. पाऊस मावळात पडतो, दरवाजे धरणाचे उघडतात आणि पाणी आपल्या दारी येते. भोंगा वाजला किंवा सूचना आली, की माणसे, जनावरे आणि होडी तिन्ही वर घ्यावीत.

पारावरची बैठक मोडली तेव्हा ढग फुटून वारा सुटला होता. फुगवट्यावर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या आणि बांधलेली होडी काठाला आपटत होती. मघाचा तरुण माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ पाण्याकडे बघत म्हणाला, "साहेब, आत्ता आपण मधी असतो." मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडकेने त्याच्या रानात जाऊन मातीचा नमुना घेतला. तो होडीला लाल पट्टा ओढत होता.

तुमच्या गावी होडी असेल तर एक दिवस पारावर हा विषय काढा. कोणाचा काय समज आहे, हे मोकळेपणाने बोलू द्या, हसण्यावारी नेऊ नका. आणि बैठक मोडण्यापूर्वी जाकिटांची वर्गणी गोळा करा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा कांद्याच्या रोपाकडे वळू. तोवर रामराम.