बांधावरच्या गप्पा : साल बारा महिन्यांचे की चौदा?



सालगडी कसा ठरतो हे तुम्हाला मी काय सांगावे! पाडव्याला बोलणी होतात. रोख इतकी, ज्वारी इतकी, कपड्याचा जोड, वहाणा आणि वर थोडी उचल. मुदत पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. अधिक महिन्याचे वर्ष असले तर तेही त्याच बैठकीत निघते, कारण पंचांगात तो महिना आधीच छापलेला असतो. त्यात लपवाछपवी नसते.

आता समजा, फाल्गुन लागला. गड्याने पाडव्यानंतर पोरीचे लग्न धरले आहे. आणि मालक म्हणतो, "अरे, औंदाचे साल मी चौदा महिन्यांचे धरले आहे. माझ्या वहीत तसे केव्हाच लिहून ठेवले आहे. तुला कोणी सांगितले नाही?" पारावरची चार माणसे यावर काय म्हणतील? "मालक, तुमची अडचण खरी असेल. पण ती पुढच्या पाडव्याला बोला. सरत्या सालात महिने वाढवू नका."

हा न्याय गावातल्या लहान पोरालाही कळतो. पण ब्रिटनमध्ये, ज्याला आपले आजे-पणजे विलायत म्हणत, नेमक्या याच गोष्टीवरून मोठे भांडण झाले. तिथे गड्याच्या जागी पस्तीस लाखांवर बायका होत्या आणि मालकाच्या जागी सरकार. आज त्याच भांडणाबद्दल बोलू. विलायतेचे आपल्याला काय, असे म्हणू नका. शेवटी ते आपल्याच उंबऱ्याशी येणार आहे.

आपल्याकडे पेन्शन म्हटले की मास्तर, पोलीस, तलाठी डोळ्यांपुढे येतात. ब्रिटनमध्ये तसे नाही. तिथे कामकरी माणसाच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो, स्वतःचा धंदा करणाराही हप्ता भरतो आणि ठरलेले वय झाले की सरकार त्याला पेन्शन सुरू करते. मग तो खाणीत खपलेला असो की दुकानात तराजू धरलेला. मात्र हे पैसे ज्याच्या त्याच्या नावाने पेटीत साठत नाहीत. आज जे कमावतात त्यांच्या हप्त्यांतून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते. बापाने पोराला खांद्यावर घ्यायचे आणि पुढे पोराने बापाला आधार द्यायचा, तसाच हा व्यवहार.

ही पेन्शन १ जानेवारी १९०९ पासून मिळू लागली. तेव्हा वयाची अट सत्तर होती, बाईला आणि पुरुषाला सारखीच, आणि पूर्ण रक्कम आठवड्याला पाच शिलिंग. पुढे १९२५ च्या कायद्याने हप्ता भरणाऱ्यांसाठी वय पासष्टावर आणले. मग बायकांचा प्रश्न वर आला. पहिल्या महायुद्धात तिथले लाखो तरुण मारले गेले. त्यामुळे कित्येक मुलींची लग्ने झालीच नाहीत. त्या जन्मभर गिरणीत राबल्या, म्हाताऱ्या आईबापांचे केले, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना काम कोणी देईना. पेन्शन मात्र पासष्टाला. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तिथल्या फ्लॉरेन्स व्हाइट नावाच्या बाईने १९३५ मध्ये अशा बिनलग्नाच्या बायकांची संघटना उभी केली आणि पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन मागितली. पंचावन्न काही मिळाले नाही, पण १९४० च्या कायद्याने बायकांचे वय साठ झाले. त्याला आणखी एक कारण होते. नवरा पासष्टाचा होई तेव्हा बायको बहुधा त्याच्याहून लहान असे. तिचे वय होईपर्यंत दोन तोंडे एका पेन्शनवर जगवावी लागत.

तेव्हापासून पन्नासाहून अधिक वर्षे बाईला साठ आणि पुरुषाला पासष्ट ही रेघ कायम राहिली. ती लोकांच्या अंगवळणी पडली. आया लेकींना सांगत, साठ झाली की सुटलीस.

मग १९९५ मध्ये कायदा झाला : २०१० ते २०२० या दहा वर्षांत बायकांचे वय पायरीपायरीने पासष्टावर न्यायचे. तेवढ्यावर थांबले नाही. २०११ मध्ये दुसरा कायदा आला. बायकांचे पासष्ट नोव्हेंबर २०१८ पर्यंतच पुरे करायचे आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत बाई-पुरुष दोघांनाही सहासष्टावर न्यायचे.

नुसत्या आकड्यांनी नीट कळत नाही, म्हणून एकच उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९५४ ला एका गावात दोन लेकरे जन्मली, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला पेन्शन ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळायची, ती ऑक्टोबर २०२० वर गेली. एक वर्ष पुढे. मुलगी लहानपणापासून धरून चालली होती ऑक्टोबर २०१४. पहिल्या कायद्याने ते झाले मे २०१९, आणि दुसऱ्याने झाले ऑक्टोबर २०२०. सहा वर्षे पुढे. त्यातली शेवटची सतरा महिन्यांची वाढ जाहीर झाली तेव्हा तिचे वय होते सत्तावन्नाच्या आसपास. रेघ दिसू लागली होती आणि तीच पुढे पळाली.

आता दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. सरकार म्हणाले, माणसे आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात. पेन्शन घेणारे वाढले आणि हप्ता भरणारे त्या मानाने वाढले नाहीत. यात खोटे काही नाही. विहिरीचे पाणी तेवढेच आणि भिजवायचे रान वाढले, तर पाळी लांबणारच. आणि पुरुषांचेही गाऱ्हाणे रास्त होते. बायका पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त वर्षे जगतात, तरी त्यांना पेन्शन पाच वर्षे आधी का? रेघ एकच असावी हे मलाही पटते. त्या बायकांनाही पटले होते. २०१५ मध्ये त्यांनी वास्पी नावाची चळवळ सुरू केली, तेव्हाही त्या म्हणत होत्या, समान वयाला आमची ना नाही, ज्या तऱ्हेने ते आणले त्या तऱ्हेला आहे.

पण समान रेघ ओढणाऱ्याने मागचा रस्ताही पाहायला हवा. या बायका कामाला लागल्या तेव्हा एकाच कामाला बाईला कमी पगार देणे तिथे कायद्यात बसत होते. समान पगाराचा कायदा झाला १९७० मध्ये आणि लागू झाला १९७५ च्या अखेरीस. मग लेकरे झाली, नोकरी सुटली, पुन्हा धरली तर अर्ध्या वेळेची. हप्त्यांत खंड पडला. लेकरे सांभाळण्यात गेलेली वर्षे पेन्शनच्या हिशेबात बाईच्या बाजूने धरायला १९७८ साल उजाडावे लागले. पगारात, कामात, घरात वेगळे माप आणि म्हातारपणी तेवढे एकच माप, याला पुरता न्याय कसे म्हणावे? तुमच्या वावरात खुरपणीला बाईची हजेरी किती आणि गड्याची किती, हे मनाशी आठवून बघा म्हणजे त्या बायकांचे दुखणे कळेल.

आणि हे दुखणे एकट्या बायकांचेही नाही. ग्लासगो शहर आणि दक्षिण इंग्लंडमधले सुखवस्तू भाग, यांच्यातल्या पुरुषांच्या सरासरी आयुष्यात सुमारे दहा वर्षांचा फरक आहे. पुढच्या कायद्याप्रमाणे २०२६ ते २०२८ या काळात दोघांचेही वय सदुसष्टावर जायचे आहे. नव्वदीपर्यंत जगणाऱ्या साहेबाचे त्यात चोवीस वर्षांतले एक वर्ष जाते. सत्तरीत मिटणाऱ्या हमालाचे चार वर्षांतले एक जाते. म्हणजे साहेबाचा चोविसावा हिस्सा आणि हमालाचा पाव हिस्सा. शिवाय खुर्चीत बसून सहासष्टाव्या वर्षी काम होते. पाठीवर पोते घेऊन होत नाही. रेघ सगळ्यांना सारखी सरकली, पण ज्याचे अंग लवकर झिजते त्याच्या पदरातून जास्त गेले.

तरी या भांडणाची खरी गाठ वेगळीच आहे. ती आहे सांगण्याची. कायदा झाला १९९५ मध्ये. पण ज्यांचे वय बदलले त्या बायकांना घरपोच पत्रे पाठवण्याची मोहीम सुरू झाली २००९ मध्ये! मधल्या काळात पत्रके निघाली, वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या. ज्यांच्या नजरेस पडल्या त्यांना कळले. बाकीच्यांनी साठाचा हिशेब धरून नोकरी सोडली, कोणी आजारी आईच्या उशाशी बसायला घरी आली, आणि मग कळले की पेन्शन अजून कित्येक वर्षे दूर आहे. या तक्रारी पार्लमेंटच्या लोकपालापुढे गेल्या. त्यांनी २०२१ मध्ये निवाडा दिला की ही पत्रे अठ्ठावीस महिने आधी जायला हवी होती. ती गेली नाहीत, हा कारभारातला दोष आहे. मार्च २०२४ मध्ये त्यांनी दर बाईला १,००० ते २,९५० पौंड भरपाई सुचवली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने उशिराबद्दल माफी मागितली, पण भरपाई नाकारली. कारण दिले की बहुतेक बायकांना बदल ठाऊक होता, आणि सरसकट भरपाईचा खर्च १,०५० कोटी पौंडांपर्यंत जाईल. माफी मिळाली, पण तिने ना चूल पेटते ना गेलेली वर्षे परत येतात.

माझ्या मते निवाडा असा. वय वाढवणे हा अन्याय नव्हे. देशाच्या घरात खाणारी तोंडे वाढली तर हिशेब बदलावाच लागतो. बाई-पुरुषांना एकच वय हेही रास्त. पण सरत्या सालात महिने वाढवणे, ते गड्याच्या कानावर न घालणे आणि वर "माझ्या वहीत लिहिले होते" असे म्हणणे, हा अन्यायच. तरणा माणूस पुढची तीस वर्षे नव्याने आखू शकतो. सत्तावन्नाव्या वर्षी बाईने काय आखावे?

आता आपल्या उंबऱ्याशी येऊ. आपल्याकडेही रेघा आहेत. राज्याच्या श्रावणबाळ योजनेला पासष्टाची अट, बाईला आणि पुरुषाला एकच. केंद्राने दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांची रेघ २०११ मध्ये पासष्टावरून साठावर आणली. ज्या साली ब्रिटनने वय घाईने वर नेले, त्याच साली आपल्याकडे ते खाली आले! मात्र ऐंशीच्या आतल्यांना त्यात केंद्राचा वाटा महिना दोनशे रुपयांचाच, हेही विसरू नका. आणि २०१९ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी मानधन योजना निघाली. चाळिशीच्या आत नाव घालायचे, दरमहा हप्ता भरायचा, साठीनंतर महिना तीन हजार. नवरा-बायको दोघांनाही स्वतंत्र खाते काढता येते. आज पंचविशीतली सून त्यात हप्ता भरत असेल तर तिची रेघ पस्तीस वर्षे दूर आहे. ती मध्येच कोणी सरकवली तर पहिल्या दिवशी तिच्या कानावर यायला हवे. तो तिचा हक्क आहे.

पण आपल्याकडे रेघ जागेवर असूनही बाई तिच्यापर्यंत पोचत नाही, असेही होते. माझ्या एका चुलतीची गोष्ट सांगतो. जन्माची नोंद नाही, शाळेचे तोंड पाहिले नाही. वय विचारले की म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, तेव्हा थोरली अंगावर पीत होती." यावरून काय ते समजा! पुढे कोणीतरी अंदाजाने साल टाकले आणि पुढे १ जानेवारी लिहून मोकळे झाले. तो अंदाज सात-आठ वर्षांनी चुकला. तिच्या बरोबरीच्या बायांना पेन्शन सुरू झाली आणि ही कागदावर तरुणच राहिली. दात पडले, पाठ वाकली, पण कागद काही म्हातारा होईना. तिची रेघ कोणत्या सरकारने सरकवली नव्हती. घरातल्या आम्ही शिकलेल्यांनी तिचा कागद एकदाही वाचला नव्हता, एवढेच.

म्हणून एक काम सांगतो. हा अंक खाली ठेवलात की आईचे आणि कारभारणीचे आधार कार्ड काढा आणि जन्मसाल मोठ्याने वाचा. १ जानेवारी दिसली तर जास्तच नीट बघा. साल चुकले असेल तर गरज पडण्याआधी दुरुस्त करून घ्या. खरे तेच साल घाला, वाढवून लिहू नका. मानधनाचा हप्ता नुसता घरधन्याच्या नावाने जात असेल तर बाईचे खाते का नाही, तेही विचारा. आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा. सांगण्यात कसूर झाली की काय होते, ते आत्ताच पाहिले.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर रामराम.